चिमण्या मोजायला आलेले पाहुणे

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. त्यामुळे भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला भोकंच भोकं. जुने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवले, तेव्हा जुने क्लॅम्प उपटले गेले आणि प्रत्येक क्लॅम्पच्या जागी मूठभर पोकळी राहिली. चिमण्यांनी ती कधी ताब्यात घेतली ते कुणाला कळलंही नाही. भाडं नाही, मेंटेनन्स नाही, मीटिंगला हजेरी नाही, आणि तरी इमारतीत सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच.

भिंतीला नवं प्लास्टर करायचं ठरलं, तेव्हा मीटिंगमध्ये माझी लेक उभी राहिली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकते, पण घरात तिला मास्तरीण म्हणतात, कारण बोलायला लागली त्या दिवसापासून ती आम्हाला शिकवतेच आहे. तिचे वडील मीटिंगला फक्त मान हलवायला जातात. त्यांनी मान हलवायच्या आधीच ही म्हणाली, "भोकं बुजवू नका. चिमण्या दर वर्षी कमी होतायत. त्यांना घरटी करायला आता जागाच उरलेली नाही."

"कुठल्या कमी होतायत?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या बाल्कनीत घाण करायला तरी कधी कमी पडल्या नाहीत."

मग तिने प्रयोगशाळेतल्या भिंतीची गोष्ट सांगितली. तिच्या कॉलेजात जुनी प्रथा आहे. दर वर्षीची मुलं आसपासच्या ठरलेल्या जागी जाऊन पक्षी मोजतात आणि प्रयोगशाळेच्या एका भिंतीवर रंगाने ठिपका देतात. ठिपके जोडून रेघ होते. कावळ्यांची काळी रेघ, पारव्यांची निळी, चिमण्यांची तांबडी. पारव्यांची रेघ छताला टेकायला आली आहे आणि चिमण्यांची जमिनीकडे निघाली आहे.

"ती गावभरची रेघ झाली," डॉक्टर म्हणाले. "आपल्या इमारतीचं बोल."

आमच्या मागच्या अंगणात फार पूर्वी एकदा कॉलेजच्या मुलांनी मोजणी केली होती. तेव्हा एकतीस चिमण्या दिसल्या होत्या. झालं, ठरलं. मुलांनी येऊन पुन्हा मोजायचं. एकतीसपेक्षा कमी भरल्या तर भोकं राहणार. नाहीतर गवंडी येणार आणि डॉक्टरांच्या मनाला शांती मिळणार.

मास्तरीण त्या रात्री भरभरून जेवली. तिला खात्री होती. तिला रोज खिडकीतून दिसत होतंच की किती उरल्यात ते.

पहिल्या रविवारी सकाळी मुलं आली. तिघी-चौघी मुली आणि एक लंबू म्हणून मुलगा, जो आमच्या दारातून वाकून आत येतो आणि वाकून बाहेर जातो. अंगणात बादल्या पालथ्या घालून सगळे बसले. मोजायची रीत अशी की चिमण्या एकेक करून मोजायच्या नाहीत, कारण तीच चिमणी पुन्हा पुन्हा येते. एका नजरेत एकदम जास्तीत जास्त किती दिसल्या, तेवढाच आकडा धरायचा. मी शिवणकाम करते. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, असलं. माझं मशीन मागच्या खिडकीशीच आहे, म्हणून मला सगळा खेळ फुकटात दिसत होता.

बऱ्याच वेळाने लंबू दबक्या आवाजात म्हणाला, "अडतीस."

"पुन्हा मोज."

"अडतीसच. दोनदा मोजल्या. अगं, वाढल्या की."

मास्तरणीचं तोंड असं झालं की जणू तिला कुणी नापास केलं. चिमण्या वाढल्या म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता थोडासा, तेच तर दुखणं होतं. ती आत आली आणि म्हणाली, "आई, माझं चुकलं असेल का गं?"

"असेल," मी म्हटलं. "चूक निघाली तर निघाली. आधी खाऊन घे."

दुसऱ्या रविवारी पन्नासच्या वर गेल्या. आमच्या चिमण्यांनी नात्यागोत्यातल्या सगळ्यांना आवतण धाडलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्यासुद्धा आल्या असाव्यात, कारण त्या आपापसात फार भांडत होत्या. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर चहाचा कप घेऊन उभे होते.

"काय म्हणतात मंडळी?" त्यांनी वरून विचारलं.

"बऱ्याच आहेत," लंबूने वर बघून सांगितलं. त्याला खोटं बोलता येत नाही, उंचीमुळे लपायची सवय नाही.

मास्तरीण मात्र चिमण्यांकडे बघतच नव्हती, त्या कुठे बघतायत ते बघत होती. मग उठून खिडकीशी आली.

"आई, या सगळ्या बाल्कन्यांकडे तोंड करून बसल्यात. आम्ही यायच्या आधीपासून. भोकांकडे कुणाचंच लक्ष नाही."

"मग?"

"मग काय. जेवायला बसल्यात त्या."

ती अंगणात ओणवी झाली आणि भिंतीच्या कडेने चालायला लागली. मागून ती पोरं. मी कात्री ठेवून खिडकीतून मान बाहेर काढली. आमच्या खिडकीखाली बाजरी सांडलेली होती. थोडं पुढे तांदळाची कणी. त्याच्या पुढे ब्रेडचा चुरा. आणि पार टोकाला कसली तरी पिवळट भुकटी, जी लंबूने बोटावर घेऊन हुंगली.

बाजरीचा तपास लागायला वेळ लागला नाही. माझ्या सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. जन्मभर दोन्ही बाजूंचं ऐकून काही न ऐकल्याचा चेहरा करायची त्यांना सवय. पण नातीपुढे तो चेहरा टिकला नाही.

"आजी, बाजरी कुणी टाकली?"

"कसली बाजरी?"

"आजी."

"अगं मूठभर तर टाकली. तुझी मित्रमंडळी एवढ्या सकाळी उठून येतात. दोन-चार चिमण्या बघून परत गेली असती तर बरं दिसलं असतं का? लोक म्हणाले असते, यांच्याकडे मोजायला गेलो तर काहीच नव्हतं."

मास्तरीण कपाळाला हात लावून खाली बसली. "आजी, कमीच दिसायला हव्या होत्या."

"ते तू मला सांगायचं नाहीस का? मला वाटलं, परीक्षा आहे म्हटल्यावर जास्त मार्क चांगले."

कणी दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंची निघाली. त्यांचंही तेच. पोरांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. ब्रेड पहिल्या मजल्यावरच्या नवीन जोडप्याचा. ती दोघं बिचारी लाजून चूर झाली, कारण नवऱ्याने टाकलेला बायकोला माहीत नव्हता आणि बायकोने टाकलेला नवऱ्याला. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच टाकलं. इमारतीत पाण्याच्या वेळेवरून कधी एकमत झालं नाही, पण इथे न ठरवता सगळ्यांनी पाहुणचार केला होता.

राहिली ती पिवळी भुकटी. लंबूने चिमूटभर जिभेवर ठेवली. "बिस्कीट आहे," तो म्हणाला. "पण गोड नाही."

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. आमच्या इमारतीत बिनसाखरेची बिस्किटं खाणारं एकच घर आहे.

मास्तरीण तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. मी मागोमाग गेले, कारण ती रागावली की मोठ्या माणसांनाही मार्क द्यायला लागते. डॉक्टरांनी दार उघडलं. हातात कप, आणि बनियनवर भुकटी.

"काका, आकडा वाढावा म्हणून तुम्ही मुद्दाम खाऊ घातलं. हे बरोबर नाही."

डॉक्टरांनी बनियन झटकलं. कप टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मुद्दाम घातलं हे खरं. पण आकड्यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"तुम्ही पोरं उजाडायच्या आत येऊन बादल्यांवर बसता. पहिल्या दिवशी बराच वेळ एकही आली नाही. तो उंच मुलगा तर मान वर करून करून आखडला असेल. मला बघवेना." ते माझ्याकडे वळले. "वहिनी, मी भोकं बुजवणारा माणूस आहे. राक्षस नाही."

मास्तरणीकडे रागावण्यासारखं काही उरलं नाही. मग म्हणाली, "दोन्ही मोजण्या रद्द कराव्या लागतील. पुन्हा मोजायचं, आणि कुणी काही टाकायचं नाही. आणि लगेच नाही मोजता येणार. त्यांना सवय लागली आहे, त्या आशेने येतच राहतील. महिनाभर थांबावं लागेल."

"गवंड्याला मी शब्द दिलाय."

"काका, एक महिना."

डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं, म्हणजे ती भोकं त्यांना घरातूनसुद्धा दिसत असावीत. "ठीक आहे. दाढ दुखणारा माणूससुद्धा कधी कधी एवढा थांबतो. पण मग जो आकडा येईल तो शेवटचा. एकतीस भरल्या तर मी एक अक्षर ऐकणार नाही."

"नका ऐकू."

खाली आल्यावर लंबूने एक तोडगा काढला. मोजायच्या आधी दोन टाळ्या वाजवल्या तर? निम्म्या उडून जातील. शिकवणीवाल्या बाईंनाही पटलं. सासूबाईंनी तर हात पुढे केलेच होते.

"आधी बोलावून वाढवल्या, आता हाकलून कमी करायच्या?" मास्तरीण म्हणाली. "मग ती भिंतीवरची रेघ कशाला काढायची? त्यापेक्षा आपल्या मनात येईल ते रंगवू. ज्या येतील तेवढ्या मोजायच्या. भोकं गेली तर गेली."

हे म्हणताना तिचा आवाज जरा हलला. मी ऐकलं. तिच्या आजीनेही ऐकलं, आणि हात मागे घेतले.

तो महिना आमच्या इमारतीला उपासाचा गेला. चिमण्यांचा उपास, आणि त्या बघून आमचा. सकाळ झाली की त्या खिडकीच्या गजावर येऊन बसायच्या, आत डोकवायच्या, मान इकडे, मान तिकडे. सासूबाई पडदा ओढून घ्यायच्या. पडद्याआडून त्यांचं बोलणं चालायचं, अगदी जुन्या ऑपरेटरच्या आवाजात, "आत्ता लाइन व्यस्त आहे, बायांनो. जरा दुसरीकडे बघा." एकदा मला त्यांच्या पदराच्या टोकाला गाठ दिसली. सोडायला लावली तर आत बाजरी.

"टाकणार नव्हते," त्या म्हणाल्या. "जवळ असलेली बरी वाटते."

लहानपणी आम्ही पेरू कापडात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो आणि वाटून खायचो. चिमणीला दात नसतात म्हणून बरं. असते तर डॉक्टरांनी त्या महिन्यात तेही तपासून घेतले असते, कारण ते रोज जाता-येता अंगणात थांबायचे. भोकं बघतोय असं दाखवायचे, आणि खिशात हात घालून उगाच काहीतरी चाचपायचे. मग रिकामाच हात बाहेर काढायचे.

हळूहळू बाहेरच्या चिमण्या येईनाशा झाल्या. घरच्या राहिल्या, त्या आपल्या कामाला लागल्या. गवताची काडी घेऊन भोकात जायचं, बाहेर यायचं, शेजारणीची काडी पळवायची.

मोजणीच्या रविवारी इमारतीत कुणी मिक्सरसुद्धा लावला नाही. सगळ्या खिडक्या बंद आणि प्रत्येक काचेमागे एक नाक. मुलं बादल्यांवर बसली. मी मशीनवर बसले होते, पण टाका घातला नाही. चिमण्या आल्या, भांडल्या, उडाल्या, पुन्हा आल्या. मास्तरणीचे ओठ हलत होते. पुष्कळ वेळ गेला. शेवटी तिने लंबूकडे पाहिलं, लंबूने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघं एकदम म्हणाले, "चौदा."

पहिली खिडकी उघडली ती शिकवणीवाल्या बाईंची. "किती?"

"चौदा."

इमारतभर टाळ्या झाल्या. नवीन जोडपं जिन्यातून धावत खाली आलं. सासूबाईंनी लंबूचा हात धरून त्याला खाली वाकवलं आणि पाठ थोपटली. भोकं राहिली. चिमण्या कमी निघाल्या म्हणून एवढा आनंद झालेली दुसरी इमारत नसेल.

मास्तरीण बादलीवरच बसून होती. मी बाहेर गेले.

"जिंकलीस की गं."

"हो." ती नखाने बादलीचा रंग खरवडत होती. "एकतीसच्या चौदा झाल्या, आई. हरले असते तर बरं झालं असतं."

मी दुसरी बादली पालथी घातली आणि तिच्या शेजारी बसले. आमच्या डोक्यावर चौदांपैकी एक जण काडी घेऊन आला, आम्हाला पाहून बिचकला, आणि तरी भोकात शिरला.

डॉक्टरांनी शब्द पाळला, पण त्यांच्या पद्धतीने. गवंड्याचं प्लास्टर सुरू झालं, तेव्हा ते स्वतः परांचीवर चढले, म्हणजे बांबूच्या फळीवर, आणि दवाखान्यातला लांब दांड्याचा इवलासा आरसा घालून प्रत्येक भोक आतून तपासलं. घरटं असेल तिथे खडूने गोल काढला. नसेल तिथेही काढला. "पुढेमागे लागेल," ते गवंड्याला म्हणाले. "आणि कडा नीट घासा. पिसं अडकतात." आयुष्यात पहिल्यांदा ते भोकांना फिनिशिंग देत होते.

मग एका दुपारी मास्तरीण ठिपका द्यायला कॉलेजात निघाली आणि सासूबाई म्हणाल्या, मला ती भिंत बघायची आहे. आम्ही तिघी गेलो. रेघा खरोखरच भिंतभर होत्या. सासूबाईंनी चष्मा पुसून तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली. मास्तरणीने बाकीच्या जागांच्या आकड्यांत आमचे चौदा मिळवले, पट्टीने माप घेतलं, ब्रश रंगात बुडवला.

"जरा वर नाही का देता येणार?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आजी."

"बोटभर?"

"आजी, चौदा म्हणजे चौदा."

ठिपका दिला. छोटासा, पण स्वच्छ. सासूबाईंनी बोट ठिपक्याच्या उजवीकडे नेलं. त्यापुढे भिंत कोरी होती.

"पुढच्या वर्षी कोण मोजणार?"

"पुढची मुलं. ती बघ, तिकडे बसलीत ना, ती."

पलीकडच्या टेबलाशी चार-पाच पोरं सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली होती. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या. एकेकाला खांद्याला हात लावून वर बघायला लावलं, पत्ता सांगितला, बस कुठली पकडायची तेही सांगितलं.

"नक्की या," त्या म्हणाल्या. "लवकर या, बसायला बादल्या आहेत. आम्ही काही म्हणजे काही देणार नाही."