आबांचं ‘झालं’

माझे सासरे आबा दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द बोलतात. अजून. मिरजेत आमचं तंबोऱ्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, त्याच्या मागे घर. तंबोरा घडवतो माझा नवरा धैर्यशील, पण त्याची जवारी आबा काढतात. ज्या घोडीवर तारा टेकतात तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि आवाज भरून येईपर्यंत हेच करत बसायचं, याला जवारी काढणं म्हणतात. धैर्यशील तार छेडतो, आबा डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "अजून." आठ वेळा, दहा वेळा. गिऱ्हाइकांचे फोन मी घेते, त्यामुळे या शब्दाचा सर्वांत जास्त राग मला. लग्न होऊन वाईहून आले त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात एकही तंबोरा ठरल्या तारखेला घराबाहेर पडलेला नाही.

यंदा श्रावणात आबांना ताप भरला. अंग ठणकत होतं, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. आबांना वाईट वाटायचं सोडून धीर आला.

"मला ह्यो धा वर्सांमागं होऊन गेलाय," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "एकदा झाला म्हंजे झाला. आता काय करतोय मला?"

"आबा, उलटं आहे," बाई म्हणाल्या. "डेंग्यूचे चार प्रकार असतात. एकदा एका प्रकारचा होऊन गेला आणि पुन्हा दुसऱ्या प्रकारचा झाला, तर तो जास्त बिघडू शकतो. त्यात तुमचं वय, त्यात साखर."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताप आहे तोवर पाणी, सरबत, पेज पाजत राहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी मनानं द्यायची नाही. आणि खरं जपायचं ते ताप उतरल्यावर. पुढचे दोन दिवस नजर हटवू नका. पोटात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, माणूस सुस्त किंवा चिडचिडा झाला, यातलं एकही दिसलं तर तसेच उचलून आणा."

मी सगळं मोबाईलमध्ये लिहून घेतलं. चिडचिडा एवढा शब्द मात्र गाळला. त्यावर जायचं तर आबांना जन्मल्या दिवसापासून दवाखान्यात ठेवावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळी ताप गेला. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. धैर्यशीलनं पाहुण्यांना फोन लावले. घरात सण असल्यासारखं वाटत होतं. मी मोबाईल काढून "आजपासून जपायचंय" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ताप हुता तवा जपलं न्हवं? आता कशाला अपशकुनी बोलतीस?" मी मोबाईल ठेवून दिला. उगाच ठेवला.

त्या दुपारी पुण्याच्या एक गाणाऱ्या बाई तंबोरा न्यायला येणार होत्या. आबा कारखान्यात येऊन भिंतीला टेकून बसले. धैर्यशीलनं घोडी बसवली आणि चारही तारा छेडल्या. आबांनी डोळे मिटले.

"झालं," आबा म्हणाले. "दे पाठवून."

धैर्यशीलचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "क्रांते, ऐकलंस का? पहिल्या झटक्यात पास," तो मला म्हणाला.

मला सूर कळत नाही. एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना माझ्या हातून माईक काढून घेतला होता. पण त्या तंबोऱ्याची तिसरी तार पत्र्याचा डबा वाजावा तशी वाजत होती, हे मलासुद्धा कळलं. आणि आबा तिला झालं म्हणत होते.

मी आबांचा हात धरला. गार होता, ओलसर होता.

"आबा, लघवीला कवा गेला हुता?"

"सकाळपास्नं न्हाई."

"पोटात दुखतंय?"

"जरा. पेज जड झाली असंल." ते डोळे न उघडताच बोलत होते. "निजू दे गं मला."

धैर्यशील म्हणाला, "अगं, अशक्तपणा असंल. ताप तर न्हाईच की."

"ताप न्हाई म्हणूनच म्हणतीय. रिक्षा आण, शिरा आल्यावर खाऊ," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. त्या घरात मी पहिल्यांदाच कुणाला हुकूम सोडत होते.

दवाखाना गल्लीच्या तोंडालाच होता. तिथं तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय, म्हणून रक्त घट्ट होतंय आणि रक्तदाब खाली येतोय. "वेळेत आणलंत. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं." त्यांनी सलाईन मोजून मापून सुरू केलं आणि दर तासाला येऊन बघायला लागल्या. सासूबाई बाकावर माझा हात घट्ट धरून बसल्या. बाई तपासून गेल्या तरी त्यांनी तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या ताई घरी आल्या आणि मागच्या अंगणातल्या टाकीवरचं पोतं त्यांनी बाजूला केलं. तंबोऱ्याचे वाळके भोपळे मऊ पडावेत म्हणून आम्ही त्या टाकीत भिजत घालतो. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आषाढात याच ताई आल्या होत्या तेव्हा मीच ऐटीत म्हटलं होतं, "ताई, ते पाणी न्हाई, तो माल हाय." पिण्याचं पिंप मी दर शनिवारी घासून कोरडं करायची, आणि त्या टाकीला पाणी समजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धैर्यशीलनं आणि मी मिळून टाकी उपसली, घासली, आणि वरून बारीक जाळी घट्ट बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले तर आबा उशीला टेकून बसले होते. हात गरम होते. सिस्टर म्हणाल्या की लघवी व्यवस्थित होतेय. आबा मात्र कपाळाला आठ्या घालून शेजारच्या पेशंटच्या टूं-टूं वाजणाऱ्या मशीनकडे बघत होते. तसंच एक आबांच्या उशाशीही वाजत होतं.

"काय हुतंय, आबा?"

"ह्या दोन मशिनी एकमेकींशी जुळंनात," ते म्हणाले. "त्यांची पट्टी वर हाय, माझी खाली. सिस्टरला म्हटलं, जरा चढवा, तर हसतीया."

मला एकदम रडू आलं. हसायलाही आलं. आबा म्हणाले, "रडतीस कशाला, खरं तेच सांगतोय."

त्या दिवशी फोन करून थांबवलेल्या पुण्याच्या बाई आठवड्यानं आल्या. आबा खुर्चीत, पायावर शाल. धैर्यशीलनं तार छेडली.

"अजून."

त्यानं दोरा सरकवला.

"अजून."

सहाव्या खेपेला बाईंनी घड्याळ बघितलं. नवव्या खेपेला त्या मला हळूच म्हणाल्या, "माझी पाचची गाडी आहे हो."

"त्याच्या नंतर सातची पण हाय," मी म्हटलं, आणि चहाचं आधण पुन्हा चुलीवर ठेवायला आत गेले. बाहेर आबा पुन्हा म्हणाले, "अजून."