हज्जा झुलेखाला कळेल असं

अल्जीरियातल्या सेतीफ शहरात बर्फ पडू लागला की घरोघरी गॅसचे हीटर पेटतात, आणि दर हिवाळ्यात घरात कोंडलेल्या विषारी वायूने कुठलं ना कुठलं कुटुंब झोपेतून उठतच नाही. वसीलाच्या गल्लीतले चौघे डिसेंबरात असेच गेले. विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या वसीलाने त्यावर पानभर लेख लिहिला. वर्तमानपत्राने तो छापला. वडिलांनी कात्रण कॉफीच्या दुकानात सगळ्यांपुढे फिरवलं.

पुढच्या आठवड्यात तिचे प्राध्यापक उस्ताद तय्यिब यांनी तोच विषय रेडिओसाठी लिहायला सांगितला. वसीलाने लेखच अर्धा कापून आणला आणि वाचू लागली. "नागरी वस्त्यांमधील वायुवीजनाच्या अभावातून उद्भवणाऱ्या..."

"थांब. हे कोणासाठी?"

"श्रोत्यांसाठी."

"एका श्रोत्याचं नाव सांग."

तिने हातातले कागद उलटसुलट केले. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. वसीला चिडली. "उस्ताद, बाजारातल्यासारखंच लिहायचं, तर तीन वर्षं इथे कशाला घालवली?"

"बाजारातलीच माणसं मरतायत, पोरी! वर्तमानपत्र वाचणारा अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. रेडिओ ऐकणारी बाई कणीक मळत असते. वाक्य निसटलं की गेलं! जा, एखाद्या घरात वाचून दाखव आणि मग ये."

वसीला फणकाऱ्यानेच खालच्या मजल्यावरच्या, हजयात्रा करून आलेल्या हज्जा झुलेखाकडे गेली. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिने अगदी मन लावून ऐकलं.

"माशाअल्लाह! काय गोड वाचतेस गं! मशिदीत जुम्म्याला इमाम खुतबा वाचतात ना, तसं. पण मेलं कोण?"

वसीलाने मान वर केली. हीटरच्या वर, हवेसाठी ठेवलेल्या भोकात जुनी शाल कोंबलेली होती!

"हज्जा, हे काय?"

"तिथून गारठा येतो गं. हाडं गोठतात."

वसीलाने स्टुलावर चढून शाल ओढून काढली. याच घराच्या डोक्यावर बसून तिने तो लेख लिहिला होता. सगळं शहर वाचेल म्हणून ती खूश होती, आणि खालच्या मजल्यावर मरण बसलेलं!

घरी येऊन तिने सगळे कागद बाजूला सारले आणि हज्जाला डोळ्यांसमोर आणून लिहिलं:

"आई, थंडी वाजते ना? ठाऊक आहे मला. पण भिंतीतलं भोक चिंधीने बुजवलंयस का? हातातलं काम ठेव, आधी ते मोकळं कर. या विषाला वास नाही, रंग नाही. डोकं दुखलं, गरगरलं की खिडक्या उघड आणि पोरांना घेऊन बाहेर पळ!"

उस्तादांनी ते दोनदा ऐकलं. लगेच शहराच्या रेडिओला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते वसीलाच्याच आवाजात रोज ऐकू येऊ लागलं. मोबाइलवर पाठवायला वसीलाने त्याचाच चार शब्दांचा निरोप केला: "भोक उघडा, जीव वाचवा."

पाचव्या दिवशी उस्ताद वर्गात आले ते धावतच. रेडिओला आलेल्या एका फोनचं रेकॉर्डिंग त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. डोंगरातल्या गावची एक बाई रडत, हसत बोलत होती: "सासूबाई भेलकांडत होत्या, पोरं ओकत होती. आम्हाला वाटलं, बाधलं काहीतरी. तेवढ्यात रेडिओवर ती पोरगी बोलली. दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि बाहेर पळालो. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. तिला सांगा, आम्ही पाचही जण जिवंत आहोत!"

वर्ग बाकं बडवत उभा राहिला. वसीला डोळे पुसत हसत होती.

वाचकहो, आपण शिकलो ते ज्यांना शिकता आलं नाही त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून. तेव्हा लिहिण्याआधी समोरचं माणूस ओळखा, त्याच्या कानाला आणि हाताला जे पोचेल तेच लिहा. त्यात विद्येचा कमीपणा नाही. उलट तिथेच ती कामाला येते!