कोठीकडे निघालेला बुडबुडा

पावाच्या कणकेतल्या यीस्टच्या एका पेशीत मथुरा सावर्डेकर जन्मली आणि जन्मताच तिची घडी घालण्यात आली. तिथे सगळ्याच प्रथिनांची घालतात. मथुराचं काम बाहेर जाऊन साखर फोडायचं. तिने ती फोडली नाही तर आतल्यांच्या तोंडात काही पडणार नव्हतं, आणि आत उपासमार सुरू झालीच होती.

घडी पडताना दुखतं, म्हणून शेजारणीचा हात धरायचा, ही तिथली रीत. मथुराने जनकाचा हात धरला. जनका कोठीत नेमलेली. कोठीत जे येईल ते कापून टाकायचं, हे तिचं काम; तिथे पोचेपर्यंत तोंडावर पट्टी. घडी पडून झाली तरी दोघी हात सोडायला विसरल्या. मग भिंतीला बुडबुडे फुगले, त्यातल्या एकाने दोघींना उचललं आणि वाटणीच्या दालनात उतरवलं.

कुणी कुठे जायचं ते ठरवायला तिथे प्रभुदेसाई बसायचे. त्यांनी जनकाच्या गळ्यातली कोठीची खूण पाहिली आणि दोघींना कोठीच्या बुडबुड्याकडे ढकललं.

"अहो, मी कोठीची नाही," मथुरा म्हणाली. "मला बाहेर जायचंय."

"खूण आहे की."

"ती हिची. माझ्याकडे खूण नाही."

"बाहेर जाणाऱ्यांना खूण नसतेच, बाई. पण तुमच्या हातात ही आहे."

"मग हात सोडवून द्या."

"ते माझं काम नाही."

मथुराच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यावाचून घराचं अडलंय तिलाच हे लोक मोडीत काढणार, आणि वर हा गृहस्थ जांभई देणार! तिने हात ओढून पाहिला. तिची बोटं जनकाच्या घडीत दुमडली गेली होती. ती ओढत असतानाच बुडबुडा मिटला.

वाटेत तो बाहेरच्या भिंतीला घासून गेला. तिथे दुसरे बुडबुडे भिंतीत विरघळून आपापली माणसं बाहेर सांडत होते. पलीकडून गोड वास येत होता. मथुराने प्रभुदेसाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बुडबुडा वळला आणि कोठीच्या भिंतीत विरघळला.

आत आंबट होतं. त्या आंबटाने जनकाच्या तोंडावरची पट्टी गळाली आणि तिच्या दातांना धार आली.

"मला थांबता येत नाही गं," जनका म्हणाली.

मथुरा मोकळ्या हाताने भिंत बडवत होती. "उघडा, मी इथली नाही," ती ओरडत होती. भिंतीपलीकडे कुणीतरी भुकेने रडत होतं. जनकाने डोळे मिटले आणि मथुराची पहिली घडी उलगडली.