तीन वाजून बारा मिनिटांनी सूर्यास्त

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अनुजने आईवडिलांना, धनकुंवरबाई आणि रिखबचंद यांना, हेलसिंकीला पाठवायचं ठरवलं. डिसेंबरात तिकडे फारसं कोणी जात नाही, त्यामुळे हॉटेलं स्वस्त मिळतात. जळगावात कोणालाही पटेल असं हे कारण होतं.

तयारी दोन महिने चालली. धुळ्याहून धनकुंवरबाईंच्या बहिणीने खाकऱ्यांचे डबे पाठवले. बर्फात घालायचे बूट पायात चढवून रिखबचंद जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घराच्या गच्चीवर आठ दिवस फिरले, सवय व्हावी म्हणून. हे जैन कुटुंब जमिनीखाली उगवणारं काही खात नाही, म्हणून कांदा, बटाटा, लसूण, गाजर, बीट यांची तिकडची नावं सून जिनलने कागदावर लिहून दिली. सूर्याची चौकशी मात्र कोणी केली नाही. तो रोज येतो, असंच सगळ्यांनी धरून चाललं.

आणि चौकशी करायला हवी होती ती सूर्याचीच. कारण धनकुंवरबाईंचा नियम होता. सूर्य उगवून दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर अन्नही नाही, पाणीही नाही. हा नियम त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी घेतला होता. अनुजच्या लग्नातही त्या सव्वापाचला एकट्या जेवल्या होत्या. पंगत आठला बसली.

रिखबचंदांचं डाळीचं दुकान नऊला बंद व्हायचं. ते साडेनऊला जेवत आणि धनकुंवरबाई गॅसपाशी उभ्या राहून त्यांना गरम फुलके वाढत. एकतीस वर्षांत संध्याकाळचं जेवण दोघं एकत्र बसून जेवले नव्हते. या प्रवासातून रिखबचंदांना तेवढंच हवं होतं. बायकोला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. अनुजला म्हणाले होते, "तिकडे दुकान नाही. शेवटच्या दिवशी एखाद्या चांगल्या ठिकाणी साडेपाचचं टेबल सांगून ठेव. मम्मीला चालेल अशी वेळ." अनुजने सांगून ठेवलं होतं.

पहिल्या सकाळी आठ वाजता खिडकीबाहेर काळोख होता. धनकुंवरबाईंनी फोनमध्ये वेळ पाहिली. सूर्योदय नऊ तेवीस. सूर्यास्त तीन बारा.

"घड्याळ चुकलं असेल," रिखबचंद म्हणाले.

घड्याळ बरोबर होतं. पृथ्वी कललेली आहे, आणि हिवाळ्यात उत्तरेकडची गावं सूर्याकडे जवळजवळ पाठ करून बसतात. शाळेत हे दोघांनाही शिकवलं होतं. त्याचा जेवणाशी संबंध असेल असं तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं.

नऊ तेवीसमध्ये अठ्ठेचाळीस मिनिटं मिळवली की दहा वाजून अकरा मिनिटं होतात. हॉटेलचा नाश्ता दहाला बंद होत असे.

"अकरा मिनिटांचा प्रश्न आहे," रिखबचंद म्हणाले.

"अकरा मिनिटांसाठी एकतीस वर्षं घालवू?"

त्या दिवशी त्यांनी दहा अकराला खोलीत खाकरा खाल्ला.

दुपारी ट्राममध्ये बसल्यावर रिखबचंदांना एक तोड सुचली. "अगं, नियम घेतलास तो जळगावात. मग सूर्य आपल्याकडचा धरायचा. जळगावात सूर्य उगवतो तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे नाश्ता चालतो."

धनकुंवरबाईंनी ट्रामच्या काचेवरची वाफ हातमोज्याने पुसली. "आणि तुमचं साडेपाचचं टेबल?"

"तुला कोणी सांगितलं?"

"अनुजच्या पोटात काही राहतं का? इथे साडेपाच म्हणजे जळगावात किती?"

रिखबचंदांनी साडेतीन तास मिळवले. "नऊ."

"तुमची दुकान बंद करायची वेळ. त्या वेळी मी घरी जेवते का?"

रिखबचंदांनी तास मोजलेली बोटं मिटली.

"पाय ज्या गावात, सूर्य त्या गावचा," धनकुंवरबाई म्हणाल्या. "तुम्ही जेवा साडेपाचला. मी समोर बसेन."

"नुसती बसून काय करशील?"

"पाहीन."

रिखबचंदांना हे नको होतं. नुसतं पाहणारी माणसं दुकानातही खूप येतात.

तिसऱ्या दिवशी धनकुंवरबाई सामायिकाला बसल्या. एका आसनावर अठ्ठेचाळीस मिनिटं, त्यांचा हा रोजचा पाठ होता. तेवढ्यात रिखबचंद एकटेच, अनुजने टेबल सांगून ठेवलेल्या बंदराजवळच्या जेवणघरात गेले. जेवणघर दोन बायका चालवत होत्या. एक स्वयंपाकघरात होती, दुसरी बाहेर. बाहेरचीचे केस पांढरे होते आणि चेहऱ्यावरून तिला काय वाटतं आहे ते कळत नव्हतं. रिखबचंद फोनमध्ये हिंदी बोलत आणि फोन तिच्या भाषेत बोलून दाखवे.

"आमचं परवा साडेपाचचं टेबल आहे. ते दोनला करा."

"दोनला संध्याकाळचं जेवण नसतं."

"माझ्या पत्नीला अंधार पडायच्या आधी जेवायचं असतं."

बाईने थोडा विचार केला. "इथे सगळ्यांनाच तसं वाटतं."

रिखबचंदांनी नियम समजावून सांगितला. त्यात बराच वेळ गेला, कारण फोनने 'दोन घटका'चं काहीतरी भलतंच केलं असावं. बाई आत जाऊन दुसरीशी बोलून आली.

"दोनला या. काय जेवता?"

रिखबचंदांनी जिनलचा कागद पुढे केला. बाईने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"म्हणजे जमिनीखालचं काही नको."

"हो."

"डिसेंबरात जमिनीच्या वर बर्फ असतो."

"मांसमच्छी, अंडीही नको," रिखबचंद म्हणाले. एकदाच सगळं सांगितलेलं बरं असतं, असा त्यांचा धंद्यातला अनुभव होता.

शेवटच्या दिवशी दोघं दोनला पाच कमी असताना पोचले. दुसरं कोणी नव्हतं. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फक्त त्यांचं एक टेबल मांडलं होतं. पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप आलं, मग लोण्यात परतलेला कोबी, भात आणि काळा पाव. धनकुंवरबाईंनी प्रत्येक गोष्टीचा वास घेतला, बाईला दोनदा विचारलं आणि मग जेवायला सुरुवात केली.

रिखबचंदांनी सुपातला एक वाटाणा चमच्यात धरून पाहिला. "माल चांगला आहे. कॅनडाचा वाटतो."

"जेवा आता."

ते जेवले. धनकुंवरबाई एक घास खाऊन थांबायच्या, सावकाश चावायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. सूप संपलं, कोबी संपला. रिखबचंद दुसऱ्यांदा भात घेत होते.

"तुम्ही फार भरभर जेवता," त्या म्हणाल्या.

"मी?"

"चावतच नाही. मला माहीतच नव्हतं."

"चाळीस वर्षं वाढते आहेस."

"माझं तोंड तव्याकडे असतं. इकडे वळते तोवर ताट रिकामं." त्यांनी पावाचा तुकडा मोडला. "मला वाटायचं, फुलके आवडतात म्हणून पटपट संपतात."

"आवडतात. पण साडेनऊ झालेले असतात. भूक फार लागलेली असते."

"रोज?"

"रोज. सहाला लागते. मग गिऱ्हाईक येतं, मग विसरतो, मग परत लागते."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणाला बोलू? सहाला घरी तुझं जेवून झालेलं असतं."

धनकुंवरबाईंनी भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. तीनला दहा कमी असताना त्यांनी ताट पुसून घेतलं, दोन पेले पाणी प्यायल्या आणि हात जोडून दिवसाचं खाणं संपल्याचं पच्चक्खाण घेतलं. रिखबचंदांच्या ताटात अजून भात होता. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"चमचा का ठेवलात? नियम माझा आहे. तुम्ही खा."

"एकटा?"

"मी बसले आहे ना. इथे फुलके नाहीत करायचे." त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "प्रत्येक घास बत्तीस वेळा. मी मोजते."

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. पांढऱ्या केसांची बाई उरलेल्या टेबलांवरच्या खुर्च्या एकेक करून खाली उतरवू लागली. रिखबचंद अठराव्यांदा चावत होते.

"दुकान पाचला अनुजवर सोडलं तर?" त्यांनी विचारलं.

"घास तोंडात असताना बोलू नका," धनकुंवरबाई म्हणाल्या. "एकोणीस."