फणसाने पकडलेला हात

त्या दिवशी फर्निचरच्या कारखान्यात करवती बंद होत्या. मालकीणबाईंची सोन्याची साखळी हरवली होती, आणि चोर शोधायला चक्क एक बाबा आला होता! आवारातल्या फणसाभोवती आम्ही सगळे कामगार हात जोडून उभे होतो.

“हा वृक्ष हजार वर्षांचा साक्षी आहे!” बाबा गरजला.

हजार? अहो, पंधरा वर्षांपूर्वी मीच लावला तो. पण बोलतो कोण?

खोडावर ताजे घाव घातले होते, पांढरा चीक ओघळत होता. बाबा प्रत्येकाच्या तळहाताला वाटीतलं ‘तीर्थ’ चोळायचा आणि हात खोडावर दाबायचा. “झाड चोराला सोडणार नाही!” सुतार सुटले, रंगारी सुटला, मीही सुटलो. मग माझी धाकटी बहीण पुढे आली. ती इथे पॉलिशचं काम करते. नवरा गेल्यापासून तिचं घर यावरच चालतं. तिचा हात चिकटला. ओढला तशा चिकाच्या तारा निघाल्या.

“सापडली चोर! हाकला हिला!” एकच गलका झाला.

“दादा, मी नाही रे घेतली!” ती रडायला लागली. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मान खाली घालून उभा राहिलो.

गलका ऐकून कारखान्याची स्वयंपाकीणबाई बाहेर आली. तिने बहिणीचा हात पाहिला, मग माझा हुंगला.

“हे कसलं तीर्थ? तेल आहे हे! आणि हिच्या हाताला नुसतं पाणी! अरे, फणस चिरताना हाताला तेल लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुमची अक्कल कुठे चरायला गेली होती?”

“बाई, शंका घेशील तर कोप होईल!”

“होऊ दे की! आधी तुमचा हात साबणाने धुवा आणि ठेवा खोडावर.”

बाबा मागे सरकला, पण तिने मनगट धरून हात साबणाने धुतला आणि खोडावर दाबलाच. चिकटला! त्याच्या झोळीआड दुसरी वाटी सापडली, पाण्याची.

“हिच्यावर संशय आहे, असं मालकच म्हणाले होते,” बाबा पुटपुटला. मालक पाठ फिरवून आत गेले.

स्वयंपाकीणबाईने तेल लावून बहिणीचा हात पुसला. मी मदतीला गेलो, तर बहीण म्हणाली, “राहू दे दादा. तुलाही ते खरं वाटलं होतं ना?”

वाटलं होतं. म्हणून सांगतो, मंडळी, झाडाला चोर कळत नाही. ते कळायला चौकशी करावी लागते, पुरावा लागतो. माझ्या हाताला तेल लागलेलं मला कळत होतं, तरी मी एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही तरी विचारा.