रक्ताळणारा झगा

अहमदपूरबाहेर, लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीसमोर महायाजक उभा होता. हैदराबादहून आलेला हा गृहस्थ स्वतःला महायाजकच, म्हणजे बायबलातला मुख्य पुरोहितच, म्हणवून घेई. खरं नाव विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. अंगात पायघोळ पांढरा झगा, छातीवर बारा रंगीत खड्यांचा ऊरपट, झग्याच्या काठाला घुंगरं.

बारा खडे म्हणजे इस्राएलचे बारा वंश, पांढरं कापड म्हणजे निर्मळपण, तांबडा रंग म्हणजे बळी दिलेल्या कोकराचं रक्त. रविवारच्या शाळेत शिकलेलं हे सगळं ह्या ख्रिस्ती मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेच ज्ञान आता त्या माणसाच्या पथ्यावर पडत होतं.

"बकरं नको, कोंबडं नको," तो खर्जात म्हणाला. "ज्याच्यावर तुमचा लई भरवसा हाय, ते वेदीवर ठेवा. गोळ्या ठेवा, सुया ठेवा. अर्पण पावलं तर झगा बोलंल."

वेदीवर औषधांचा ढीग साचला होता. त्यानं पाल्याची जुडी पितळी वाडग्यात बुडवून झग्यावर शिंपडली. पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरत गेले. बायाबापड्या गुडघ्यावर आल्या. थोड्या वेळानं डाग आपोआप विरले, म्हणजे पापही धुतलं गेलं. सोय मोठी नामी होती.

मागे उभे असलेले दयानंद मास्तर याच मंडळीतले, शाळेत विज्ञान शिकवणारे. गेल्या रविवारी हा चमत्कार पाहिल्यापासून त्यांना चैन नव्हती. रक्त वाळलं की काळं पडतं, हवेत विरून जात नाही. आज ते तयारीनिशी आले होते. पण भिंतीकडे नजर गेली आणि ते तिकडे धावले.

चटईवर त्यांची भाची शिल्पा पडली होती. लहानपणापासून शुगर, रोजच्या इन्शुलीनवर जगणारी पोर. छाती भात्यासारखी हलत होती आणि श्वासाला कुजक्या फळाचा वास येत होता.

"इंजेक्शन कुठंय?" त्यांनी बहिणीला विचारलं.

"वेदीवर," सुवार्ता म्हणाली. "शुक्रवारच्या प्रार्थनेत ठेवलं, दादा. झगा लाल झाला. आता माघारी कसं घेऊ?"

"पोरगी मरायली, सुवार्ता."

"परीक्षा हाय म्हणले ते."

मास्तरांनी शिल्पाला उचलायला हात घातला, तसे दोन स्वयंसेवक दारात आडवे झाले. "आई न्हाई म्हणायली, मास्तर. आम्ही कसं सोडावं?"

म्हणजे आईचं मन वळल्याशिवाय दार उघडणार नव्हतं, आणि वेळ तर हातातून चालला होता. मास्तर थेट वेदीपाशी गेले. "मलाबी अर्पण करायचंय," असं म्हणून त्यांनी पांढरा रुमाल काढला. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. काहीच झालं नाही. मग महायाजकानं वाडगं मागे ओढायच्या आत त्यांनी रुमाल त्यात बुडवला.

रुमाल लालभडक झाला. खिशातलं लिंबू त्यावर पिळलं, तसा पुन्हा पांढरा.

"हे फिनॉल्फथॅलिन. प्रयोगशाळेतलं रसायन, रुमालाला घरूनच लावून आणलंय. कापडाला लावून वाळवलं की दिसत न्हाई. धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की लाल होतं, आन् हवा लागली की हळूहळू विरतं. ह्या वाडग्यात सोडा हाय. बोट बुडवून बघा, साबणावानी लागंल."

पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं बोट बुडवून चोळून पाहिलं. "बुळबुळीत हाय की," ती म्हणाली.

"सैतान बोलायलाय," महायाजक ओरडला, पण तोंडचं पाणी पळालं होतं. गलक्यात तो मागच्या दाराकडे सरकला. काठाच्या घुंगरांनी ती खबर सगळ्या शेडला दिली.

सुवार्ता मात्र जागची हलली नाही. "झगा खोटा असंल, दादा. माझं अर्पण तर खरं होतं."

मास्तर तिच्यासमोर खाली बसले. "देवाच्या सांगण्यावरनं बापानं पोरावर सुरी उचलली, ती बायबलातली गोष्ट तुला तोंडपाठ हाय. शेवटी काय होतं?"

"देवानं त्याचा हात धरला."

"हात धरला म्हणूनच ती गोष्ट आपण लेकरांना सांगतो. मी तुझा हात धरायला आलोय."

तिनं लेकीकडे पाहिलं आणि स्वतःच तिला उचललं. स्वयंसेवक बाजूला झाले. सरकारी दवाखान्यातून शिल्पाला लातूरला हलवलं. तिनं डोळे उघडेपर्यंत सुवार्ता खाटेजवळून उठली नाही.

महायाजक सापडला नाही. पुढे महिनाभरात मुदखेडकडून खबर आली. तिथंही शेड उभी राहिली होती, वेदीवर गोळ्यांचा ढीग वाढत होता.

मास्तर तिकडे जायला निघाले, तेव्हा सुवार्तानं त्यांच्याकडून रुमाल मागून घेतला. "मी जाते. तुमचं शिकलेल्याचं बोलणं वाटंल. माझी लेक चटईवर पडली होती, हे मीच सांगते. पांढऱ्या झग्याला हात जोडा म्हणावं, पण आधी वाडग्यात बोट बुडवा. आन् देवाच्या नावानं कुणी औषध मागितलं, तर देऊ नका."