एर्गश न्हाव्याचं मत

"काल ग्रुपवर काय लिहिलंत उस्ता, वा," होशिम मास्तर म्हणाले. गळ्यावर वस्तरा होता म्हणून मास्तरांनी मान हलवली नाही, एरवी ते मान हलवल्याशिवाय बोलणारे नव्हेत. "कुणीतरी विचारायलाच हवं होतं. पण तुम्ही विचाराल असं नव्हतं वाटलं बुवा."

एर्गशचा हात थबकला. काल त्यानं काही लिहिलं नव्हतं. काल कशाला, शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे त्यानं काही लिहिलं असेल तर ते त्याला आठवत नव्हतं.

"हं," तो म्हणाला आणि वस्तरा पुन्हा चालू लागला.

हे "हं" एर्गशनं उभ्या आयुष्यात कमावलं होतं. तुतझोर मोहल्ल्याच्या तोंडाशी त्याचं एका खुर्चीचं दुकान, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणत. खुर्चीत बसलेला माणूस हाकिमाच्या बाजूचा असो की विरुद्ध, रशियाला शिव्या देणारा असो की तिथे पोरं कामाला धाडलेला, एर्गशचं उत्तर ठरलेलं. ज्याची मान हातात, त्याचं मत आपलं. त्यामुळे फरगाना खोऱ्यातल्या त्या भांडखोर मोहल्ल्यात त्याचं कुणाशी वाकडं नव्हतं, आणि त्याला कुणी फारसं जमेस धरतही नव्हतं. चायखान्यात दर महिन्याला पुरुषांची पुलावाची बैठक व्हायची. तिथे दारापासून सगळ्यांत लांबची, भिंतीकडची जागा मानाची. एर्गश बसायचा दाराशी, किटल्यांच्या शेजारी. दार उघडलं की वारा त्याच्या पाठीत, आणि किटली रिकामी झाली की उठायचं त्यानंच.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यानं सुनेला हाक मारली. "सूनबाई, ग्रुपवर काल माझ्या नावानं काही गेलंय का?"

घरातला टॅब्लेट त्याच्या मुलानं, शेर्झोदनं, रशियातून पाठवलेला. तो तिकडे ट्रक चालवायचा, इकडे त्याची बायको सासूसासऱ्यांपाशी. टॅब्लेटमधला नंबर एर्गशचा, फोटोही त्याचाच, कारण मोहल्ल्याच्या ग्रुपवर घरटी एकच नंबर आणि तो घरच्या वडीलधाऱ्याचा, असा नियम होता. एर्गशला बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून सून त्याला सगळं वाचून दाखवायची. लग्नाआधी ती शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती.

"गेलंय बाबा," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला. परवा, जेवताना. विजेच्या नव्या यंत्राचं चाललंय, आपल्या घरातून काही लिहू का म्हणून. तुम्ही हं म्हणालात."

"मी हं म्हणतोच गं."

"ते मला आज कळलं," ती म्हणाली. तिची मान खाली होती, पण आवाजात हसू होतं.

तिनं वाचून दाखवलं. थंडीत वीज पुरत नाही, तेव्हा कुठल्या गल्लीला कधी द्यायची हे आता कॉम्प्युटर ठरवणार, असं मोहल्ल्याचे अध्यक्ष नेमात-अका यांनी ग्रुपवर कळवलं होतं. त्याखाली एर्गश न्हाव्यानं लिहिलं होतं: नवं यंत्र चांगलंच असेल. पण मी म्हातारा न्हावी आहे, माझ्या हातून कान कापला गेला तर लोक मला धरतात, वस्तऱ्याला धरत नाहीत. यंत्र चुकलं तर आम्ही कुणाचं दार ठोठावायचं?

एर्गशनं ते दोनदा वाचायला लावलं. "हे मी म्हणालो?"

"तुम्ही म्हणाला असतात," सून म्हणाली.

त्याची बायको सालोमत चुलीपाशी नान मोडत होती. ती म्हणाली, "हा? हा नसता म्हणाला. याला मीठ कमी पडलंय का विचारलं तरी हा आधी माझं तोंड बघतो."

तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं की पोरी, बास कर. पण मास्तरांचं ते "वा" अजून त्याच्या कानात होतं. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणी त्याला वा म्हणालं होतं, तेही दाढी चांगली झाली म्हणून नव्हे. "लिहीत जा," तो म्हणाला. "पण शिवीगाळ नको. आणि मला वाचून दाखवत जा, नाहीतर गिऱ्हाइकं विचारतात आणि माझी पंचाईत होते."

मग हिवाळाभर एर्गश न्हावी ग्रुपवर गाजला. वीज जायची, मास्तर कॉम्प्युटरची बाजू घ्यायचे, कुणी हाकिमाची घ्यायचं, कुणी एकमेकांच्या आईबापापर्यंत पोचायचं. आणि मग एर्गश न्हावी दोन ओळी लिहायचा की सगळे थंड. तो कुणाला मूर्ख म्हणत नसे. ज्याला उत्तर द्यायचं त्याचं म्हणणं आधी नीट सांगे, मग आपलं. दुकानात लोक दाढी नसतानाही येऊन बसू लागले. एर्गश वस्तरा घासत "हं" म्हणायचा, आणि आता त्या "हं"मध्ये लोकांना खोल अर्थ दिसू लागला. त्यानं नवी टोपी घेतली.

बैठकीतही त्याची जागा सरकली. आधी कुणी म्हणालं, उस्ता, दाराशी कशाला, जरा वर या. पुढच्या महिन्यात आणखी वर. थंडी ऐन भरात आली तेव्हा तो भिंतीकडे, मास्तर आणि नेमात-अका यांच्या मधोमध, गादीवर बसला होता, आणि चहा दुसरंच कुणी ओतत होतं. त्याला ते आवडलं. इतकं आवडलं की घरी जाताना आपण चोरी करतोय हा विचार मनात यायचा, तोही तो टोपी नीट करता करता झटकून टाकायचा.

त्या सुमारास सलग काही संध्याकाळी तुतझोरची वीज गेली, आणि पलीकडच्या, हाकिमाच्या कचेरीतले लोक राहतात त्या गल्लीत दिवे लखलखत राहिले. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं की यात कुणा माणसाचा हात नाही, यंत्रच ठरवतं. सुनेनं एर्गशला विचारलं, तो हं म्हणाला, आणि हे गेलं: यंत्राला आईबाप नसतात, त्याला कसली लाज? कुठली गल्ली आधी अंधारात घालायची हे त्याला कुणा माणसानंच सांगितलेलं असणार. त्या माणसानं आपलं नाव आणि बापाचं नाव लिहून खाली सही करावी. मग आम्ही अंधारात बसू, ब्रसुद्धा काढणार नाही.

हे मोहल्ल्यात राहिलं नाही. शहरभर फिरलं. दोन दिवसांनी नेमात-अका दुकानात आले आणि खुर्चीत बसले.

"दाढी नको करूस, सकाळीच केलीये," ते म्हणाले. "एर्गश, आपण एका वर्गात होतो म्हणून तुझ्याशी सरळ बोलतो. वरून फोन आला. तू एक व्हिडिओ करायचा. दोन मिनिटांचं काम. माझी समजूत चुकली, यंत्र चांगलं आहे, माफ करा. उद्या बैठकीला कचेरीतला एक पोरगा येणार आहे, तो काढून घेईल."

"हं," एर्गश म्हणाला. सवयीनंच.

"आणि तेही जड जात असेल तर दुसरं सांग. टॅब्लेट माझ्या हातात नव्हता, घरातल्या कुणीतरी लिहिलं म्हण. पोरंबाळं लिहितात काहीबाही, लोक समजून घेतात." नेमात-अका उठले. दारात थांबून म्हणाले, "तू लिहिलेलं नाहीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शाळेत तू माझा निबंध उतरवून काढायचास."

त्या संध्याकाळी वीज नव्हतीच. सालोमतनं मेणबत्ती लावली आणि तिघं चहाभोवती बसली. एर्गशनं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मी म्हणेन, मीच लिहिलं. माफी नाही मागत म्हणेन. काय करतील? म्हाताऱ्या माणसाला काय करतात? पण तुझं नाव यात यायला नको, सूनबाई. लोक म्हणतील एर्गशची सून पुरुषांच्या ग्रुपवर पुरुष बनून बोलत होती. शेर्झोदच्या कानावर जाईल."

"शेर्झोदला माहीत आहे," ती म्हणाली. "तो तिकडे वाचतो. कधीकधी तोच म्हणतो, इथे जरा जोर कमी कर."

एर्गश बघतच राहिला.

"बाबा, तुम्ही मीच लिहिलं म्हणालात तर सगळे टाळ्या वाजवतील," ती पुढे म्हणाली. तिचा आवाज हळू होता, पण थांबत नव्हता. "आणि मी लिहिलंय काय? ठरवणाऱ्यानं नाव लिहावं. आणि माझंच नाव कुठे नाही. हिवाळाभर मी लिहितेय, मी म्हातारा न्हावी, मी म्हातारा न्हावी. मला कंटाळा आलाय म्हातारा न्हावी असण्याचा. सांगायचं तर माझं नाव सांगा. नुसतं सून म्हणू नका. नाव सांगा."

आता खरी अडचण कळली. तुतझोरमधला कुठलाही पुरुष भर बैठकीत घरच्या बाईचं नाव घेत नाही. आमच्या घरचे म्हणतो, पोरांची आई म्हणतो, सून म्हणतो. चाळीस वर्षांच्या संसारात एर्गशनं सालोमतचं नाव चायखान्यात एकदाही उच्चारलं नव्हतं. आणि त्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की नाव घेतलं की ती गादी गेली. मीच लिहिलं म्हटलं तर माणूस शूर ठरणार होता. खरं बोललं तर हसं.

"जमायचं नाही मला ते, पोरी," तो म्हणाला.

सालोमतनं पियाला खाली ठेवला. "हिवाळाभर वर बसून पुलाव खाल्लास," ती म्हणाली, "तेव्हा जमलं बरं सगळं."

दुसऱ्या दिवशी चायखान्यात कचेरीतला पोरगा आला होता. चांगला नम्र होता, वडीलधाऱ्यांना लवून सलाम केला, बूट दाराशी नीट जोडून ठेवले. पुलाव संपला, हात पुसून झाले, आणि त्यानं फोन उभा धरला. "उस्ता, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये. फक्त एवढंच सांगा, ते तुम्हीच लिहिलंत का? आणि लिहिलं असेल तर समजूत चुकली होती, असं."

"त्यांनीच लिहिलंय," होशिम मास्तर मध्येच म्हणाले, आणि म्हणताना मान जोरात हलवली. "आणि चुकीचं काही लिहिलेलं नाही. मी आधी विरुद्ध होतो, पण पटवलं त्यांनी मला."

सगळे एर्गशकडे बघत होते. प्रेमानं बघत होते, हीच पंचाईत होती. एक हं म्हटलं असतं तर भागणार होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"नाव माझं आहे," तो म्हणाला. "लिहिलं मी नाही. माझ्या सुनेनं लिहिलं." तो थांबला. कपाळावर घाम आला होता, भर थंडीत. मग तो म्हणाला, "ओयदिन. कोमिलची मुलगी ओयदिन. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची ती. प्रत्येक वेळी तिनं मला विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. समजून न घेता म्हणालो, तो गुन्हा माझा. मत तिचं."

पोरग्याच्या हातातला फोन खाली आला.

"म्हणजे आख्खा हिवाळा," होशिम मास्तर सावकाश म्हणाले, "मी एका सुनेशी वाद घालत होतो?"

"वाद कुठे, मास्तर," एर्गश म्हणाला. "तुम्ही वा वा म्हणत होतात."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मास्तरांनी तोंड फिरवलं.

"मग माफी त्यांनी मागायची का?" पोरग्यानं विचारलं. त्यालाही आता काय करावं सुचत नव्हतं.

"ती मागणार नाही. मी विचारून आलोय," एर्गश म्हणाला. "तिला काही विचारायचं तर घरी ये, बेटा. ती उत्तर देईल. मला विचारशील तर मला त्यातलं थोडंच कळतं. पण जे कळलंय ते बरोबर वाटतं. हे मात्र मी म्हणतोय, हे लिहून घे."

पोरग्यानं काही लिहून घेतलं नाही. नेमात-अका चटईकडे बघत होते.

एर्गश गादीवरून उठला. त्याला कुणी उठ म्हणालं नव्हतं, आणि बसा असंही कुणी म्हणालं नाही. माणसांच्या पाठीमागून, कुणाला पाय लागू नये म्हणून जपत, तो दाराशी आला. तिथली जागा रिकामीच होती. तो किटल्यांच्या शेजारी बसला, एक हलवून पाहिली, भरलेली होती. सगळ्यांत आधी त्यानं मास्तरांचा पियाला मागवून घेतला आणि भरून पुढे धाडला. मास्तरांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात फारसं कुणी फिरकलं नाही. मास्तर बाजारातल्या न्हाव्याकडे जाताना दिसले. एर्गशला वाईट वाटलं. मास्तरांच्या मानेवरचा तीळ त्या न्हाव्याला माहीत नसणार, असं त्याच्या मनात आलं.

घरी आला तर ओयदिन टॅब्लेट घेऊन बसली होती. घरटी एक नंबर हा नियम होता. त्या नंबरावरून किती जणांनी सही करावी याबद्दल नियमात काही नव्हतं. तिनं दुपारी लिहिलं होतं, तेच यंत्राबद्दलचं, आता म्हाताऱ्या न्हाव्याशिवाय, आणि खाली आपलं नाव आणि बापाचं नाव. घराघरांत वाचलं गेलं होतं. खाली कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. हिवाळाभर ज्यांनी वा वा केलं होतं, त्यांच्यापैकी एकानंही नाही.

"दे इकडे," एर्गश म्हणाला.

"मी लिहून देऊ का, बाबा? तुम्ही सांगा."

"नको. वाचून दाखव आधी. हळू."

तिनं वाचलं. त्यानं मध्ये दोन ठिकाणी थांबवून विचारलं, तिनं समजावलं. मग त्यानं चष्मा पुसला, टॅब्लेट मांडीवर घेतला आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागला. सालोमत हात पुसत येऊन मागे उभी राहिली. चहा निवला तरी तिघांपैकी कुणी त्याला हात लावला नाही.

शेवटी त्यानं बटण दाबलं. ओयदिनच्या नावाखाली आता आणखी एक सही होती: एर्गश, नोर्मतचा मुलगा, न्हावी. आणि तिच्या वर एकच शब्द होता, हं.